टपावरचे दोन ठोके

४ मार्च

सेमिसी,

मी पेनी. तुझा धाकटा भाऊ. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, ब्रूमच्या वर समुद्रात मोत्यांच्या शेतावर कामाला आहे.

प्रत्येक पत्र असंच सुरू करायचं, असं थुईनं कळवलंय. थुई म्हणजे विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये शिकणारी ती चष्मेवाली पोरगी, मंगळवारी आणि गुरुवारी तुझ्यासमोर बसते ती. तिचं पत्र आठ दिवस माझ्या उशीखाली पडून होतं. पाकिटावर विद्यापीठाचा शिक्का. मला विद्यापीठातून कोण कशाला लिहील, नक्की कसला तरी जबाब मागत असणार, असं वाटलं. शेवटी मर्व्हनं फोडलं. मर्व्ह आमच्या बोटीचा मुकादम. वाचून म्हणाला, "घाबरू नको. कुणीतरी तुला शहाणा समजून लिहिलंय."

ती म्हणते, फोनवरचं बोलणं तुझ्याजवळ दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही, पण कागद टिकतो. तुझं एक निळं फोल्डर आहे. तू कोण, घर कुठं, डोक्याला मार कधी लागला, आज वार कोणता, सगळं त्यात. रोज सकाळी तू ते पहिल्या पानापासून वाचतोस. आता माझी पत्रं त्यात लावणार. म्हणून नियम घालून दिलेत. वर तारीख, अक्षर मोठं, आणि एका पत्रात एकच गोष्ट. खाली आणखी एक ओळ होती, तिच्याखाली रेघ मारलेली: "जमलं तर पत्ता बदलू नकोस."

हे तिला आईनंच सांगितलं असणार. रॉकहॅम्प्टनचा कत्तलखाना चार महिने, कॅथरीनला आंबे सहा आठवडे, मग कुंपणं, मग ट्रक. दोन वर्षांत आईच्या वहीत माझे सात पत्ते खोडलेले आहेत. हा आठवा.

तर एकच गोष्ट लिहितो, माझं काम. शिंपल्या तारेच्या चौकटीत बसवून पाण्यात टांगलेल्या असतात. त्यांच्यावर शेवाळ, बारीक कालवं, काय काय चढतं. चौकट वर ओढायची, फवारा मारायचा, सुरीनं खरवडायची, परत सोडायची. महिन्यानं तीच चौकट वर येते आणि तेवढीच घाण घेऊन येते. पहिल्या आठवड्यात मी मर्व्हला विचारलं, "हे संपतं कधी?" तो म्हणाला, "संपत नाही. म्हणून तर तुला ठेवलाय."

तू हे वाचून हसशील. उद्या परत वाचशील आणि परत हसशील. मला ते आवडलं.

अक्षर नववीत शाळा सोडलेल्याचं आहे. चालवून घे.

पेनी

२३ मार्च

सेमिसी,

मी पेनी. तुझा धाकटा भाऊ. मोत्यांच्या शेतावर कामाला आहे.

थुई म्हणते, तू केलेलं मी तुलाच परत लिहून पाठवायचं. म्हणजे ते तुझ्याजवळ दोन बाजूंनी येईल. तर ऐक.

तुला क्लिनिकच्या स्वयंपाकघरात नेलं. किटली, पाव, टोस्टर, लोणी, सगळं मांडून ठेवलेलं. थुई म्हणाली, चहा-टोस्ट कर. नव्या पेशंटला पहिल्यांदा हेच करायला लावतात. हात, डोळे, आठवण, आधी काय मग काय, सगळं त्यात दिसतं. तू उभा राहिलास. ही पोरं प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजतात, मध्ये तोंड उघडत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. त्या दिवशी तिनं शंभर मोजले असतील. तू किटलीकडे बघतोयस. तिनं कागदावर लिहिलं, "स्वतःहून सुरुवात करू शकत नाही."

तो कागद घरी आईनं वाचला. रविवारी फोनवर मला सांगताना तिला बोलता येईना, इतकी हसत होती. "मी त्या पोरीला म्हटलं, बाई, सव्वीस वर्षांत त्यानं एकदा तरी किटलीला हात लावलाय का ते मला विचार की. आमच्या सामोअन लोकांत चूल पोरांची असते ती अंगणातली. दहा वर्षांचा असल्यापासून दर रविवारचा उमू त्याचा. दगड तापवून वीस माणसांचं जेवण काढतो तो, आणि तू त्याला पाव भाजायला सांगतेस?"

यावर थुई काय म्हणाली असेल, असं वाटतं तुला? सबब सांगितली असेल? नाही. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या मॅरियन बाईंनी नुसतं एवढंच विचारलं, "तू रोज काय करतेस ते त्याला करायला लावलंस. तो रोज काय करायचा?" थुईनं तोच कागद घेतला, खाली लिहिलं, "चूक माझी. आधी विचारायला हवं होतं," सही केली आणि तुझ्या फोल्डरात लावला. सतरा नंबरचं पान. बघ.

सेमिसी, मी इतक्या ठिकाणी राबलोय. स्वतःची चूक सही करून समोरच्याच्या हातात देणारं माणूस मी बघितलेलं नाही. मुकादम नाही, चर्चचे पाद्री नाहीत. मी तर नाहीच.

तिनं आणखी एक मागितलंय. तू रोज विचारतोस, "मला लागलं कसं?" आणि फोल्डरात त्या दिवसाचं पान नाही. आईला विचारलं की आई उठून आत जाते. थुई म्हणते, तू तिथं होतास, चार ओळी लिहून दे.

तर हे त्या दिवसाचं पान. आपण बूनाच्या पुढं मामाच्या रानात उमूसाठी काळे दगड आणायला गेलो होतो. मी पिकअप चालवत होतो. तू मागं हौद्यात दगडांवर बसला होतास. तू टपावर हात मारून जोरात चालव म्हणालास. गाडी खड्ड्यावरून उडाली आणि तू पडलास.

एवढंच.

पेनी

१८ एप्रिल

सेमिसी,

मी पेनी. तुझा धाकटा भाऊ. मोत्यांच्या शेतावर आहे, पत्ता तोच.

थुईनं तीन पानं पाठवलीत, वर फोटो. मर्व्हनं माझ्याआधी बघितले. आता बोटीवर सगळे तुला ओळखतात.

चहा राहू दे, उमूच करू, असं त्या पोरांनी ठरवलं. क्लिनिकच्या मागच्या अंगणात. विद्यापीठाच्या आवारात जाळ करायला सात सह्या लागतात म्हणे. थुईनं सातही आणल्या. शेवटची सही आग विझवणाऱ्या खात्याच्या माणसाची. तो बादली घेऊन पहाऱ्याला आला आणि जेवूनच गेला.

मग दगडांवर गाडी अडली. आईनं त्या दिवशीचे दगड दोन वर्षं गॅरेजात गोणपाटाखाली ठेवले होते. हात लावू देत नव्हती, टाकूही देत नव्हती. थुई विचारायला घरी आली तेव्हा तू म्हणालास, "माझे दगड." थुई मोजत बसली. तू परत म्हणालास, "माझे." आई उठली आणि गॅरेजचं कुलूप काढलं.

पोरांनी कार्डं बनवली होती, एका कार्डावर एक पायरी, चित्रासकट. लाकडं. जाळ. दगड. अळूच्या पानात बांधलेलं नारळाचं दूध. नीरफणस. केळीची पानं झाकायला. इंटरनेटवर बघून बनवलेली कार्डं ती. दगड लाल झाले आणि थुई नीरफणस घेऊन पुढं झाली. तू म्हणालास, "सरक."

ती सरकली. तू चिमटा घेतलास आणि निखारे बाजूला ओढून दगड सपाट करायला लागलास. त्याचं कार्डच नव्हतं. कुणी सुचवलं नाही, कुणी बोट दाखवलं नाही. थुईच्या वहीत वेळसुद्धा आहे, अकरा वीस. "सेमिसीनं पुढची पायरी स्वतःहून घेतली." एवढा आनंद मला कुणी सरक म्हटल्यावर कधी झाला नाही.

तुझा डावा हात चिमट्यावर बसत नव्हता. दोनदा निसटला. कुणी धावलं नाही. मी असतो तर धावलो असतो, तुझ्या हातून काढून घेतला असता, आणि तू परत किटलीपुढं उभा राहिला असतास. त्यांना न धावायला शिकवतात. फवारा मारायला, सुरी चालवायला मी दोन दिवसांत शिकलो. हे मला वर्षभरात जमेल असं वाटत नाही.

झाकून झालं. तू खुर्चीत बसलास आणि दहा मिनिटांनी विचारलंस, "जेवायला काय आहे?" हसलं कुणी नाही. थुईनं स्वयंपाकाचं घड्याळ दोरीनं तुझ्या गळ्यात घातलं.

तू म्हणालास, "मी गाय आहे का?"

ती म्हणाली, "गाईला असा उमू लावता आला असता तर मी तिच्याकडे गेले असते."

घड्याळ वाजलं तेव्हा तू कुणालाही न विचारता उठलास. मग तिनं तुला कोरं कार्ड दिलं. तू वाकड्या अक्षरात त्यावर लिहिलंस, "निखारे काढा." ते आता त्या गड्डीत आहे. पुढच्या सत्राची पोरं त्यावरून शिकणार. नववीतसुद्धा न पोचलेल्यांच्या घरातला माणूस विद्यापीठात शिकवतोय, असं आई चर्चमध्ये सगळ्यांना सांगत फिरते. आपल्याला नववीपर्यंत तरी मोज, असं तिला सांग.

पेनी

५ मे

थुई,

हे फोल्डरात लावू नकोस. हे तुला आहे.

काल आईशी बोललो. उमूचं सांगून झालं आणि मग म्हणाली, "तू ते पान पाठवलंस तेव्हापासून एक नवीनच सुरू झालंय." सेमिसी सकाळी फोल्डर वाचतो. त्या पानापाशी येतो. मग उठून स्वयंपाकघरात येतो आणि आईची माफी मागतो. म्हणतो, आई, माझं चुकलं, मी त्याला जोरात चालव म्हणालो, तुला त्रास दिला. आई म्हणते, असू दे रे. दुसऱ्या दिवशी परत. सहा आठवडे झाले. "मीच त्याला इस्पितळात बोलले होते," आई म्हणाली, "बेशुद्ध होता तरी बोलले होते. एवढा मोठा घोडा झालास आणि पोरासारखा खेळ कसला करतोस म्हणून. आता रोज तोंड फिरवून उभी राहते."

थुई, ते पान खरं नाही.

कसं खरं नाही ते मी लिहून तीन कागद फाडले. तो जोरात चालव म्हणाला नव्हता. एवढं पुरे.

तू असं कर ना. ते पान काढ आणि त्या जागी लिही, गाडी खड्ड्यात गेली, कुणाची चूक नव्हती. माझ्या नावानं लिही. त्याला काय कळणार, उद्या त्याला नवंच वाटेल. आईची सुटका होईल, त्याची होईल. नाहीतर मी खरं लिहिलं तर काय होईल ते बघ. माणूस एकदा चिडतो, महिनाभर बोलत नाही, मग विसरतो. माझा भाऊ चिडून विसरेल आणि सकाळी फोल्डर उघडून पहिल्यांदा चिडेल. रोज सकाळी त्याचा भाऊ नव्यानं असा निघेल. माझ्या शिंपल्यांसारखं, कितीही खरवडा.

मला एकच भाऊ आहे. तू समजूतदार आहेस. पान बदल.

पेनी

२६ मे

सेमिसी,

मी पेनी. तुझा धाकटा भाऊ. मोत्यांच्या शेतावर आहे.

मी थुईला एक पत्र लिहून तुझ्या फोल्डरातलं एक पान गुपचूप बदलायला सांगितलं होतं. तिनं नाही म्हटलं. तिनं लिहिलंय, "फोल्डर सेमिसीचं आहे, तुझं नाही आणि माझंही नाही. कुणाची चूक नव्हती हे जर खरं नसेल, तर तेही मी लावणार नाही. मी हे मॅरियनना सांगितलंय. सांगावं लागतं, आणि तुझ्या पाठीमागं सांगितलं असं नको म्हणून कळवते. पान तूच लिही. तो वाचेल तेव्हा मी समोर असेन, तुझी आई शेजारी असेल." आणि खाली, "तो चिडला तर चिडू दे. त्याला तेवढं येतं."

दहा दिवस हे पत्र खिशात घेऊन फिरलो. आता लिहितो.

२३ मार्चचं पान खोटं आहे. मी लिहिलेलं आहे. खरं हे आहे.

आपल्या दोघांचा नियम होता. मागं बसलेल्यानं टपावर एक ठोका मारला की चल. दोन मारले की थांब. मी तेरा वर्षांचा असताना मामाच्या रानात तू मला गाडी शिकवलीस, तेव्हा तूच घालून दिला होतास. आईला तो माहीत नव्हता. कुणालाच नव्हता.

त्या दिवशी तू दोन ठोके मारलेस. मला ऐकू आले. दगड सरकत होते आणि तुला धरायला जागा नव्हती. मला मजा वाटत होती. वाटलं, मोठा म्हणून फार मिरवतो, एकदा तरी ओरडू दे. समोर खड्डा दिसला, तो चुकवता आला असता. मी गाडी त्यावर घातली. परत दोन ठोके आले. मग ठोके बंद झाले.

इस्पितळात आईनं विचारलं, काय झालं. माझ्या तोंडून आलं, त्यानं ठोकलं, जोरात चालव म्हणून. ठरवून नाही आलं. पण आलं, आणि मग ते आपल्या घरात राहायला लागलं. म्हणून मी घराबाहेर पडलो. खरं ठाऊक असलेले जगात दोघंच, आणि तुझ्याजवळून तो दिवस गेला होता. मला बरं वाटलं होतं, सेमिसी. तुला आठवत नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला बरं वाटलं होतं. हेही लिहून ठेवतो.

आपल्यात कुणाच्या माणसाला इजा केली की चटई पांघरून त्याच्या दारात बसतात, घरचा माणूस येऊन ती उचलेपर्यंत. मी कुठं बसू? दार आपलं एकच आहे.

आईची माफी मागू नकोस. आईला हे दाखव.

पेनी

३० जून

सेमिसी,

मी पेनी. तुझा धाकटा भाऊ. पत्ता तोच आहे.

पाच रविवार झाले, आई फोन उचलत नाही. ठीक आहे.

थुईचं सत्र संपलं. तिचं शेवटचं पत्र आलं. तू ते पान तीनदा वाचलंस, तीन वेगळ्या दिवशी, तिन्ही वेळा पहिल्यांदाच. पहिल्या दिवशी फोल्डर खिडकीवर फेकलंस आणि काहीतरी बोललास. थुई लिहिते, "एक सामोअन शब्द. अर्थ सांगायला तुझ्या आईनं नकार दिला." दुसऱ्या दिवशी टेबल ढकललंस, कुणाशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी रडलास.

तिन्ही दिवशी, सगळं शांत झाल्यावर, थुईनं पान समोर ठेवून एकच प्रश्न विचारला. "हे ठेवायचं की काढायचं?" एका दिवसाच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, राग असतो, थकवा असतो, असं त्यांचं आहे. तीन दिवस विचारायचं. आदलं उत्तर त्याला सांगायचं नाही. तिन्ही वेळा तेच आलं तर ते त्याचं स्वतःचं उत्तर.

तिन्ही वेळा तू म्हणालास, "ठेव."

ती तुझ्या मागं लागून एवढं खरं विचारते, आणि वयानं माझ्याएवढी आहे. मी एकवीस वर्षांत तुला खरं एकदाच विचारलंय, भूक लागलीय का.

जाताना तिनं तुला विचारलं म्हणे, नव्या पोराला काय सांगू? तू तीन नियम सांगितलेस. "हळू बोल. एकच विचार. चहा नको." ते तिनं टाइप करून दारावर लावलेत. नव्या पोराचं नाव कॅलम. इतका उंच की दारातून वाकून येतो आणि पहिल्या दिवशी इतका घाबरला की तूच मोजत बसलास.

माझी बॅग भरलेली होती. डार्विनहून एक कोळंबीची बोट सुटणार होती, त्यांना माणूस हवा होता. मर्व्ह म्हणाला, "जायचं तर जा. पण त्या क्लिनिकला कळव, नाहीतर पुढचं पत्र माझ्याकडे येईल, आणि मी तुझ्यापेक्षा बरं उत्तर लिहीन."

बोट गेली. मी गेलो नाही. तू पान ठेव म्हणालास. मग ते वाचून तुला काही म्हणायचं असेल, तर मी सापडायला पाहिजे.

पेनी

२४ जुलै

सेमिसी,

मी पेनी. तुझा धाकटा भाऊ. गाडी मी चालवत होतो.

इथून पुढं प्रत्येक पत्र असं सुरू करीन.

कॅलमनं त्या पानाची छायाप्रत पाठवलीय. कशाची आहे ते आधी कळलं नाही, कारण माझं अक्षर मलाच ओळखू आलं नाही. मग खाली तुझं दिसलं. तुझं मी कुठंही ओळखेन, आता वाकडं झालंय तरी. कॅलम लिहितो की तू त्या दिवशी पान वाचून नेहमीसारखा चिडलास. मग पेन मागितलंस. त्याला वाटलं तू ते खोडणार. तो हलला नाही, मोजत राहिला. तू पाऊण तास लिहीत होतास.

तू लिहिलंस ते तुला परत सांगतो. तसा नियमच आहे.

"सेमिसी, हे तू आधी वाचलंयस. पेनीनं खरं लिहिलंय. चिडू नको. चिडून झालंय. पान उलट."

आणि उलटल्यावर मागं, "पेनी, चटई तिकडंच ठेव. तिकडं आधीच उकडतं."

हे मी शिंपल्या खरवडायच्या फळीवर बसून वाचलं. मर्व्हनं फवारा बंद केला. "काय झालं?" म्हणाला. मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला, मागं उलटून वाचला, परत दिला आणि म्हणाला, "चिडून झालंय, हे मला बायकोकडून एकदा लिहून आणता येईल का?" मग फवारा चालू करून पाठ फिरवून उभा राहिला.

मला वाटलं होतं रोज सकाळी मी नव्यानं गुन्हेगार. तू रोज सकाळी स्वतःच्याच हातानं स्वतःला सांगणार आहेस की ते काम उरकलंय. हे सुचायला डोकं लागतं, सेमिसी. तुझं गेलं असं म्हणणाऱ्यांत मी होतो. त्या पोरांनी तसं एकदाही म्हटलं नाही, म्हणून त्यांना ते सापडलं.

रविवारी आईनं फोन उचलला.

"गाढवा," ती म्हणाली, "दोन वर्षं मी त्या पोराला बोल लावले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काही बोलायचंय?"

"नाही."

"मग ये. समोर उभा राहून नाही म्हण." आणि मग, "पुढच्या महिन्यात क्लिनिकात परत उमू आहे. थुईही येणार. त्याला दगड उचलून द्यायला माणूस पाहिजे."

"कॅलम आहे की."

"कॅलम वाकला की परत उभा राहायला दुपार होते."

मी मर्व्हकडून दोन आठवड्यांची सुट्टी घेतली. काम सोडलेलं नाही. पत्ता तोच आहे, आईच्या वहीत तो खोडू नको म्हणावं.

आता हे पान फोल्डरात सगळ्यांत वर लाव. शुक्रवारी, ८ ऑगस्टला, मी घरी येतोय. सकाळी तू हे वाचलं असशील, दुपारपर्यंत कदाचित निघून गेलं असेल. हरकत नाही. तीनच्या सुमाराला दारावर दोन ठोके पडतील. ते माझे. दोन म्हणजे थांब, आणि मी थांबेन. तू सावकाश उठ. आतून हाक मारू नकोस, आईला पुढं पाठवू नकोस, दार तूच उघड.

मी बाहेर उभा राहून मनात दहापर्यंत मोजेन. लागलं तर शंभरपर्यंत. आता मला येतं.

पेनी